मीटलोफ, टर्कीचा

मीटलोफ, टर्कीचा : टर्कीच्या खिम्यात अंडे, दुधात भिजवलेला पाव किंवा ओट्स, बारीक केलेल्या भाज्या आणि मसाला मळून, त्या गोळ्याला पावासारखा लांबट आकार देऊन भट्टीत भाजलेला पदार्थ. काप करून तो गरम किंवा गार खातात. मराठीत त्याला रूढ प्रतिशब्द नाही. ‘खिम्याची भाजलेली वडी’ हे वर्णन आशयाच्या बरेच जवळ जाते. गोमांसाच्या किंवा डुकराच्या मांसाच्या मूळ पदार्थाला कमी मेदाचा पर्याय म्हणून हा प्रकार अमेरिकेत रुळला. त्याला लावले जाणारे ‘आरोग्यकारक’ हे विशेषण मात्र पक्ष्याच्या नावावरून आपोआप लागू होत नाही. कोणते मांस दळले आणि त्यात काय मिसळले यावर ते अवलंबून असते.

पक्ष्याचे नाव : टर्कीचे शास्त्रीय नाव मेलिआग्रिस गॅलोपॅव्हो असून तो मूळचा उत्तर अमेरिकेतील पक्षी आहे. मेक्सिकोत तो युरोपीयांच्या आगमनापूर्वी कित्येक शतके पाळला जात होता आणि सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. तुर्कस्तानाशी त्याचा संबंध केवळ नावापुरता आहे. तुर्की व्यापाऱ्यांमार्फत युरोपात येणाऱ्या गिनी फाउल या आफ्रिकी पक्ष्याशी इंग्रजांनी त्याची गल्लत केली आणि तेच नाव चिकटले, हे स्पष्टीकरण सामान्यतः मान्य आहे. इतर भाषांनी त्याचे मूळ आणखी पूर्वेला ढकलले : फ्रेंच ‘दँद’ म्हणजे ‘हिंदचा’, तुर्की भाषेत त्याचे नावच ‘हिंदी’, तर डच ‘काल्कून’ या शब्दात कालिकत बंदराचे नाव दडलेले आहे. हिंदुस्थानात तो पश्चिमेकडून समुद्रमार्गे आलेला असताना युरोपने त्याला हिंदुस्थानचा मानावे, याचे कारण अमेरिकेलाच ‘इंडीज’ म्हणण्याच्या तत्कालीन प्रघातात शोधावे लागते.

पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याला पेरू देशावरून ‘पेरु’ म्हणतात आणि हिंदीतील ‘पीरू’ हा शब्द त्यावरूनच आला आहे. मराठी वाचकाला येथे साहजिकच फळ आठवते. मराठी ‘पेरू’ हे फळाचे नावही पेरू देशावरून आले, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार ते पोर्तुगीज ‘पेरा’ म्हणजे नासपती या शब्दापासून आले. कोकणीत त्याच फळाला ‘पेर’ म्हणतात आणि फळाचा आकारही नासपतीशी जुळतो, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तसे असल्यास पक्षी आणि फळ यांच्या नावांतील साम्य हा योगायोग ठरतो.

हिंदुस्थानातील टर्कीचा सर्वांत परिचित जुना उल्लेख जहांगीराच्या आत्मवृत्तात आढळतो. त्याचा सरदार मुकर्रबखान याने गोव्याहून आणलेल्या अपूर्व प्राण्यांत हा पक्षी होता. लांडोरीहून मोठा पण मोराहून लहान, माजावर आला म्हणजे मोरासारखा पिसारा फुलवणारा, आणि सरड्याप्रमाणे डोक्या-मानेचे रंग बदलणारा, असे त्याचे वर्णन बादशहाने केले आहे. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने सुमारे १६१२ साली काढलेले त्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. फारसीत टर्कीला ‘बूकलमून’ म्हणजे रंग बदलणारा असेच नाव आहे. स्वयंपाकाच्या नोंदीत हा तपशील अनावश्यक वाटण्याचा संभव आहे. तथापि या देशात टर्कीचा प्रवेश खाद्य म्हणून नव्हे, तर नवलाची वस्तू म्हणून झाला आणि पुढेही ती बराच काळ तशीच राहिली, हे त्यावरून समजते.

मीटलोफचा उगम : मांस बारीक करून त्यात पाव भिजवून घालण्याची रीत रोमन काळाइतकी जुनी आहे. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकात संकलित झालेल्या मानल्या जाणाऱ्या लॅटिन पाककृतींत द्राक्षासवात भिजवलेला पाव घालून केलेल्या खिम्याच्या वड्या आहेत. इटलीतील पोल्पेत्तोने, जर्मनीतील ‘खोटा ससा’ या अर्थाच्या नावाचा पदार्थ आणि दक्षिण आफ्रिकेतील बोबोटी हे या कुळातीलच प्रकार होत. अमेरिकी मीटलोफ नेमका कशातून निघाला, याविषयी दोन मते आहेत. पेनसिल्व्हेनियातील जर्मन वसाहतकऱ्यांच्या ‘स्क्रॅपल’ या पदार्थापासून तो निघाला, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु स्क्रॅपल म्हणजे डुकराच्या मांसाचे उरलेसुरले तुकडे मक्याच्या पिठात शिजवून थापलेली लापशी. त्यात धान्य हा मुख्य घटक असतो आणि तो आधी उकळला जातो. मीटलोफमध्ये कच्चा खिमा मुख्य असून तो थेट भाजला जातो. त्यामुळे युरोपीय खिमा-परंपरा आणि एकोणिसाव्या शतकात घरोघरी पोचलेले हाताने फिरवायचे खिमायंत्र यांच्या संयोगातून तो निर्माण झाला, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. १९३०च्या दशकातील महामंदीत थोडे मांस अनेकांना पुरवण्याचा मार्ग म्हणून तो लोकप्रिय झाला.

टर्कीचा खिमा या पदार्थात शिरला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. टर्कीचे पालन औद्योगिक प्रमाणावर होऊ लागल्याने तिचे सुटे भाग व खिमा वर्षभर मिळू लागला, आणि १९७७ साली अमेरिकी सिनेटच्या समितीने आहारातील संपृक्त मेद कमी करण्याची जी उद्दिष्टे मांडली त्यांमुळे पांढऱ्या म्हणजे पक्ष्यांच्या मांसाकडे कल वाढला. २०१५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाल (म्हणजे गाय, डुक्कर, शेळी-मेंढी यांच्या) मांसाची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात केली. पक्ष्यांचे मांस त्या वर्गीकरणात येत नाही.

पोषणविचार : २० टक्के मेदाच्या कच्च्या गोमांस-खिम्याच्या १०० ग्रॅमांतून सुमारे २५० किलोकॅलरी मिळतात, ७ टक्के मेदाच्या टर्की-खिम्यातून सुमारे १५०, आणि कातडी काढलेल्या निव्वळ छातीच्या मांसातून सुमारे ११५. मात्र कातडी व मांडीसह दळलेल्या टर्कीत मेद १५ टक्क्यांपर्यंत जातो आणि मग कमी मेदाच्या गोमांसाहून तिचे वेगळेपण फारसे उरत नाही. याउलट निव्वळ छातीचा खिमा इतका कोरडा असतो की भाजल्यावर त्याचा भुसा होतो. म्हणून छाती व मांडी यांचे कातडीविरहित मांस निम्मे-निम्मे घेणे हा मध्यम मार्ग योग्य होय.

दोष बहुतेक वेळा मांसात नसून वरच्या लेपात असतो. पारंपरिक कृतीत वडीवर केचप व साखर यांचा जाड थर देतात. बाजारी केचपच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर आणि पुरेसे मीठ असते. शिवाय तयार पावाचा चुरा, सूपची पूड व सॉस यांतूनही मीठ येते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी मीठ सुचवले आहे. अर्धा किलो खिम्याला एकूण ४ ग्रॅम मीठ घालून त्याचे चार वाटे केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला १ ग्रॅम येते.

कृतीमागील शास्त्र : खिम्यात मीठ घालून मळले की मायोसिन हे प्रथिन सुटून चिकट होते व तुकडे एकमेकांना धरतात. मळणे वाढले की ही पकड घट्ट होऊन वडी रबरासारखी होते. त्यामुळे बाकीचे साहित्य आधी एकजीव करून खिमा शेवटी घालावा आणि बोटांनी जेमतेम मिसळावा. दुधात भिजवलेला पाव किंवा ओट्स दोन कामे करतात : ते पाणी धरून ठेवतात आणि प्रथिनांच्या जाळ्यात मध्ये मध्ये येऊन ते सैल ठेवतात. ओट्समधील बीटा-ग्लुकन हा विद्राव्य तंतू रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यास मदत करतो, हा त्याचा वेगळा लाभ. टर्कीत वितळून ओलावा देणारी चरबी फारशी नसल्याने ती उणीव भाज्यांनी भरून काढावी लागते. बारीक चिरून कोरड्या तव्यावर परतलेले मशरूम त्यासाठी सर्वोत्तम. त्यांच्यामुळे मीठ कमी असूनही चव भरते. किसलेले गाजर व कांदा त्याखालोखाल येतात. कच्चा दुधीभोपळा घातल्यास तो आधी घट्ट पिळून घ्यावा.

अर्धा किलो खिम्याला एक अंडे, सुमारे ५० ग्रॅम ओट्स, ७५ मिलिलिटर दूध आणि १५० ते २०० ग्रॅम भाज्या हे प्रमाण बसते. वडी खोल साच्यात न घालता उघड्या ताटलीवर थापल्यास सुटलेली चरबी निथळून जाते आणि तिन्ही बाजूंनी खरपूस कवच येते. १८० अंश सेल्सिअसला तिला ४५ ते ५५ मिनिटे लागतात. भट्टीबाहेर काढल्यावर दहा मिनिटे थांबून काप केल्यास रस आतच राहतो.

नागपूरच्या स्वयंपाकघरात : नागपुरात टर्की नेहमीच्या चिकन-मटणाच्या दुकानात सहसा मिळत नाही, ती आधी सांगून, मुख्यतः नाताळच्या सुमारास आणि गोठवलेल्या स्वरूपात आणवावी लागते. भारतात तिच्या पैदाशीचे काम बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेत झाले असून ‘कॅरी विराट’ हा वाण तेथलाच. टर्की न मिळाल्यास कोंबडीच्या छाती व मांडीचा कातडीविरहित खिमा त्याच प्रमाणात वापरावा. पोषणमूल्यात फरक किरकोळ पडतो आणि ताजे मांस मिळण्याचा फायदा मोठा असतो. खिमा घरी मिक्सरवर करायचा असल्यास मांसाचे तुकडे अर्धवट गोठवून थोडे थोडे फिरवावेत. ऊन मांसाचा खिमा न होता लगदा होतो.

‘खिमा’ हा मूळचा तुर्की शब्द फारसीमार्गे मराठीत आला आणि नागपुरात तो सर्वांत आधी आठवतो तो सावजी खिम्याच्या संदर्भात. कोष्टी समाजाच्या या स्वयंपाकाची ओळख म्हणजे भाजून वाटलेला काळा मसाला आणि वर तरंगणारी तर्री. यातला मसाला घ्यावा आणि तर्री सोडावी, हे प्रस्तुत पदार्थाच्या दृष्टीने उचित होय. दगडफूल, खसखस, धने व मिरे कोरडे भाजून घातल्यास मिठाची उणीव जाणवत नाही. सुके खोबरे मात्र त्यातील संपृक्त मेदामुळे हात राखून घालावे.

सावजी स्वयंपाकात पूर्वी जवसाचे तेल वापरले जाई, असे सांगतात. जवस हे विदर्भाचे जुने पीक असून नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्याच्या वाणांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. जवसाच्या दाण्याच्या सालीत श्लेष्मल द्रव्य असल्याने एक मोठा चमचा ताजी जवसपूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवली की एका अंड्याइतकी बांधणी मिळते. पूड दळून ठेवल्यास तिला खवट वास येतो, म्हणून ती लागेल तेवढीच करावी. ओट्सच्या जागी ज्वारीचे पीठ घालता येते. ते आधी कोरडे भाजून घेतले नाही तर वडीला कच्चट चव राहते. फुटाण्याच्या डाळीचे पीठ अधिक चांगले बांधते, पण वडीचा पोत कबाबाकडे झुकतो.

ओटीजी (विजेची छोटी भट्टी) नसलेल्या घरी सांबारवडी किंवा पाटवडी करणाऱ्यांना वाफेचा मार्ग परका नाही. (नागपुरात ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर.) शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये ही वडी पाऊण तास वाफवून, निवल्यावर काप करून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी भाजता येतात. भट्टीतले कवच त्यास येत नाही, पण ओलावा अधिक राहतो. केचपच्या लेपाऐवजी टोमॅटोच्या घट्ट रसात संत्र्याचा आटवलेला रस, लाल तिखट आणि किंचित व्हिनेगर घालावे. नागपुरी संत्र्याच्या अंबिया बहाराची फळे नाताळाच्या आधीच बाजारात असतात, त्यामुळे टर्की आणि संत्री यांचा हंगाम येथे जुळून येतो. आटवण्यासाठी रस फार वेळ उकळू नये. तो कडवट होतो.

सुरक्षितता : पक्ष्यांच्या मांसात साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात आणि खिमा करताना ते पृष्ठभागावरून आतवर पसरतात. म्हणून वडीच्या मध्यभागी तापमान ७४ अंश सेल्सिअस झालेच पाहिजे. गोमांसाच्या खिम्याला ७१ अंश पुरेसे मानतात. रंगावरून अंदाज बांधू नये, कारण टर्कीचे मांस पुरते शिजूनही गुलाबी दिसू शकते आणि तसे न दिसताही कच्चे असू शकते. सळईसारखा तापमापक टोचून पाहणे हाच खात्रीचा उपाय. कच्चे मांस धुऊ नये, त्याने जंतू ओट्यावर उडतात. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये असा संकेत आहे. हवा ३२ अंशांहून गरम असल्यास ती मर्यादा एका तासावर येते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या नागपुरात उन्हाळाभर हा एक तासाचाच नियम धरावा. उरलेले काप झाकून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतात. परत गरम करताना त्यांच्यावर दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवावे.