ताण फक्त माशालाच येत नाही

तळ्यात मासे मरायला लागले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: औषध कोणतं टाकायचं? जिवाणू बाहेरून आला, त्याने हल्ला केला, आता त्याला मारायचं, असा हा सरळ हिशेब. पण एरोमोनास हायड्रोफिला हा नेहमीचा संशयित घ्या. तो तळ्याच्या पाण्यात असतो, गाळात असतो आणि धडधाकट माशाच्या आतड्यातही सुखाने नांदतो. मग कालपर्यंत गप्प बसलेला हा जिवाणू आजच का उठतो?

मत्स्यरोगांचे अभ्यासक स्टॅनिस्लास स्निझ्को यांनी 1974 साली पर्यावरणातला ताण आणि माशांच्या साथी यांचा संबंध सविस्तर मांडला. मासा, रोगजंतू आणि परिसर अशी एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळं. तिन्ही जुळली तरच रोग. ही वर्तुळं आजही शिकवली जातात. मात्र एक बाजू फार घाईने उरकली जाते, असं मला वाटतं. पाणी बिघडलं की माशाची प्रतिकारशक्ती खालावते, हे सगळेच सांगतात. त्याच पाण्यात राहणाऱ्या जिवाणूचं काय होतं, हे मागे पडतं.

आधी माशाचं बघू. 20 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच. म्हणजे उन्हाळ्यात माशाची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच पुरवठा आटतो. रात्री शेवाळही ऑक्सिजन ओढतं, म्हणून दाट हिरव्या शेततळ्यात पहाटे रोहू-कटला वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. त्यात दाटी आणि अमोनियाची भर. माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि प्रतिकारशक्ती दबते. नॉरॲड्रेनालिन हे ताणाचं दुसरं संप्रेरकही वाढतं, आणि इथून खरी गंमत सुरू होते. रक्तातलं लोह ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाने धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे जिवाणूची उपासमार होते. नॉरॲड्रेनालिन ही पकड ढिली करतं. प्रयोगशाळेत रक्तद्रव असलेल्या माध्यमात ते मिसळलं, की एरोमोनास हायड्रोफिला जोमाने वाढतो. मासा घाबरलाय, ही बातमी जिवाणूला अशी परस्पर कळते.

पण ताणाने जिवाणू दर वेळी चेकाळतोच असं नाही. एरोमोनास साल्मोनिसिडा हा त्याचा थंड पाण्यातला भाऊबंद. 1894 साली जर्मनीत बव्हेरियातल्या ट्राउट माशांच्या आजारात त्याची पहिली नोंद झाली. त्याच्या अंगावर प्रथिनांचं कवच असतं, शिवाय माशाच्या पेशीत थेट विष टोचणारी यंत्रणा. तो 25 अंशांच्या वर वाढवला, की त्याच्या डीएनएमधले जागा बदलणारे तुकडे गोंधळ घालतात. कवच बनणं थांबू शकतं, आणि विष टोचणाऱ्या यंत्रणेची जनुकं तर चक्क गळून पडतात. जिवाणू जगतो, वाढतो, पण रोग करण्याची ताकद गमावून बसतो. पाणी पुन्हा गार झालं म्हणून गळालेली जनुकं परत येत नाहीत.

फ्लाव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर मात्र वेगळ्या मुशीतला. 1922 मध्ये मिसिसिपी नदीतल्या माशांवर त्याचं वर्णन झालं. रोगट कल्ल्याचा बारीकसा तुकडा थेंबभर पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर लांब, सडपातळ जिवाणू हळूहळू सरकत एकमेकांवर चढतात आणि ऊतीच्या कडेला गवताच्या गंज्यांसारखे ढीग रचतात. निदानासाठी ही खूण आजही वापरतात. हा कल्ले अक्षरशः कुजवतो, आणि पाणी कोमट असेल तर फार झपाट्याने. अन्न संपलं, की हे लांबोडके जिवाणू स्वतःभोवती वेटोळं घालून आखडतात. असे ते नुसत्या पाण्यात महिनोन्‌महिने तग धरतात आणि अन्न मिळताच पुन्हा सरळ होऊन वाढू लागतात.

या चिवटपणाचा एक परिणाम उत्तर फिनलंडमधल्या एका मत्स्यशेतीत दिसला. तिथल्या साल्मनच्या बोटुकल्यांमध्ये (बोटभर पिल्लांमध्ये) 23 वर्षांच्या नोंदींत हा रोग वाढत गेला, लक्षणंही तीव्र होत गेली. हा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. जिवाणूच अधिक घातक होत गेला असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. एरवी आपल्या यजमानाला पटकन मारणं रोगजंतूला परवडत नाही. मासा मेला की घर गेलं. पण हा मेलेल्या माशावरूनही पसरतो आणि पाण्यात थांबूनही राहतो, त्यामुळे माशाच्या मरणाने त्याचं फारसं बिघडत नाही. औषधोपचाराने तर उलटाच वार होऊ शकतो. जिवाणूच्या सौम्य वाणाची लागण झालेला मासा औषध मिळेपर्यंत जिवंत असतो, औषधाने बरा होतो, आणि तो वाण तिथेच संपतो. घातक वाण त्याआधीच माशाला मारून मोकळा झालेला असतो, आणि मेलेला मासा औषध खात नाही. तो पाण्यात पडून जिवाणू सोडत राहतो. तळ्यावर तरंगणारे मेलेले मासे "दुपारी काढू" म्हणून ठेवले जातात, तेव्हा त्या काही तासांत नेमका कोणता वाण पसरत असतो, ते यावरून कळतं.