धुळीच्या आकड्यातलं पाणी

मोबाइलवर पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांचा, आकडा दिसला की आपण तो तापमानासारखा वाचतो. पण हवेतली धूळ मोजणं तापमान मोजण्याइतकं सरळ नाही.

आपल्याकडे पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा आहे घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम. नेहमीचा सॅम्पलर, म्हणजे हवा फिल्टरमधून ओढणारं यंत्र, मिनिटाला १६.७ लिटर, म्हणजे दिवसाला साधारण २४ घनमीटर हवा ओढतो. हवा नेमकी मर्यादेवर असेल तर फिल्टरवर दिवसभरात जेमतेम दीड मिलिग्रॅम धूळ साचते. फिल्टरचं स्वतःचं वजन याहून कितीतरी जास्त. आधी आणि नंतर वजन करायचं, वजाबाकी करायची आणि उरेल ती धूळ. फिल्टरवर स्थिर विद्युतभार असला तरी काटा हलतो. पंप मंदावला तर दुहेरी घोटाळा: हवा कमी येते, शिवाय वेग घटल्यामुळे एरवी बाहेर अडवले जाणारे मोठे कणही आत शिरतात.

पण खरा खोडकर घटक म्हणजे पाणी. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, तेच हवेतल्या क्षारकणांचं होतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की समुद्रातून उडालेला मिठाचा कण पाणी शोषून विरघळतो आणि फुगतो. अमोनियम सल्फेटला त्यासाठी ८० टक्के आर्द्रता लागते. मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट पहाटे ही काही मोठी गोष्ट नाही. प्रकाश विखुरण्यावर चालणाऱ्या स्वस्त सेन्सरला असा फुगलेला कण जास्त धूळ वाटतो. धुक्यात तर तो पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजू शकतो. उलट रस्त्यावरची जाड धूळ त्याला नीट दिसतच नाही.

मग हवा तापवून कोरडी करावी? तेही करून झालंय. टीओम नावाच्या यंत्रात नमुना ५० अंश सेल्सिअसला ठेवत. पाणी गेलं, पण त्याबरोबर अमोनियम नायट्रेटही उडून गेलं, आणि ते तर खरं प्रदूषण! ब्रिटनमध्ये बरीच वर्षं या यंत्राचे पीएम १० चे (१० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचे) आकडे तात्पुरती दुरुस्ती म्हणून १.३ ने गुणत असत. माझ्या मते हा गुणक म्हणजे सरळसरळ तडजोड होती, कारण नायट्रेटचं प्रमाण ऋतूप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलतं.

वायू मोजतानाही फसगत होतेच. नायट्रोजन डायऑक्साइडच्या नेहमीच्या यंत्रात तापवलेलं मॉलिब्डेनम त्या वायूचं नायट्रिक ऑक्साइड करतं, पण नायट्रिक आम्लासारख्या इतर संयुगांचंही करतं. मग आकडा फुगतो, विशेषतः शहराबाहेर, जिथे हवा बराच काळ उन्हात मुरलेली असते.

फिल्टरच्या वजनाची अमेरिकी पद्धत पाण्याचा प्रश्न वेगळ्या प्रकारे सोडवते: वजन करण्याआधी फिल्टर किमान २४ तास २० ते २३ अंश तापमानात आणि ३० ते ४० टक्के आर्द्रतेत ठेवायचा. थोडं पाणी तरीही उरतं. फक्त ते सगळीकडे जवळपास सारखं असावं, एवढीच अपेक्षा. स्वस्त सेन्सरला ही सोय नाही. त्याला प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून दुरुस्तीचं सूत्र काढतात, आणि पावसाळ्यात बसवलेलं सूत्र जानेवारीत पुन्हा तपासावं लागतं.