काळी बिअर म्हणजे कडक बिअर? अजिबात नाही

"जेवढी काळी तेवढी कडक" हे वर्षानुवर्षं ऐकत आलोय, पण तसं नसतं हो. रंग येतो करपायला आलेल्या भाजक्या माल्टमुळे (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुतेकदा बार्ली), आणि तोही थोडासाच पुरतो. अल्कोहोल किती होणार ते यीस्टला साखर किती मिळाली त्यावर. आयर्लंडची गिनेस ड्राफ्ट बघा, काळीकुट्ट, पण जेमतेम 4.2 टक्के, आणि बेल्जियमची सोनेरी ड्यूव्हेल 8.5 टक्के!

ओकच्या पिंपात मुरवलेली इम्पीरियल स्टाउट (काळ्या स्टाउट बिअरचा जास्त कडक प्रकार) खरंच कडक असते, बऱ्याचदा 10 ते 14 टक्के, पण ते रंगामुळे नाही, मुळात साखर देणारा माल्टच भरपूर घातलेला असतो म्हणून, आणि पिंप बर्बनचं (अमेरिकन व्हिस्कीचं) असेल तर लाकडात मुरलेली व्हिस्कीही थोडी उतरते. म्हणून चाखताना रंगावर जाऊ नका. आणि अशी स्टाउट फ्रिजमधून काढून लगेच तर अजिबात पिऊ नका, 10-13 डिग्रीवर येऊ द्या, थंडगार असताना नुसता भाजका कडवटपणा लागतो, मग हळूहळू लाकडातला व्हॅनिला आणि नारळ, शिवाय मनुका असं एकेक उलगडत जातं. फेस पटकन बसला म्हणून खराब समजू नका, एवढ्या अल्कोहोलमध्ये तो फारसा टिकत नाही. पण घोट गिळल्यावर घसा नुसताच जळला आणि माल्टची गोडी मागे राहिलीच नाही, तर मी मार्क कमीच देतो.