लखलख कानाला ऐकू येते का?

शब्द दोनदा आला की तो ध्वनिदर्शक, हा समज शाळेच्या वहीतून पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. तो चुकीचा आहे. ‘घरोघर’, ‘हळूहळू’, ‘लाललाल’ यांत नक्कल कशाचीच नाही, नुसती पुनरुक्ती आहे. उलट ‘धप्पकन’, ‘फाडकन’ हे शब्द एकदाच येतात, तरी त्यांत आवाज आहे.

खरी गंमत तिसऱ्या गटात. विजेचा ‘कडकडाट’ कानाला ऐकू येतो, पण तिचा ‘लखलखाट’? तो डोळ्यांचा विषय. चांदण्या लुकलुकतात, साबण बुळबुळीत लागतो, मूल वर्गात चुळबुळ करते. इथे ध्वनी नाहीच, मराठीने दिसणे, स्पर्श आणि हालचाल ध्वनीच्या साच्यात ओतली आहे. जपानी भाषेत तर या दोन प्रकारांना वेगळी नावे आहेत: आवाजाच्या शब्दांना ‘गिओंगो’, स्थितीच्या शब्दांना ‘गिताइगो’. त्यांचे ‘किराकिरा’ म्हणजे आपले चमचम. आपण मात्र सगळ्यांवर ‘अनुकरणवाचक’ अशी एकच चिठ्ठी डकवून मोकळे होतो.

आवाजाची नक्कल म्हणजे हुबेहूब ध्वनी, हेही खरे नाही. कुत्रा आपल्याकडे ‘भू भू’ करतो, जपानमध्ये ‘वान वान’. कुत्रा तोच, भाषेचे कान वेगळे.

आणि ‘पोटात कावळे कोकलतात’ म्हणताना ‘कोकलणे’ ध्वनीचे असले, तरी कावळे लाक्षणिकच. एकाच वाक्यात दोन्ही नांदतात. मुलांना वर्गात आधी एवढेच विचारावे: डोळे मिटले तर हे ऐकू येईल का?