दुर्बिणीच्या रायफलीचा नेम हलणे

दुर्बीण बसवलेली रायफल एकदा जुळवल्यानंतरही गोळी नेमाच्या जागी न लागणे, हा दोष बोलीत ‘झिरो गेला’ या शब्दांत सांगितला जातो. त्याचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये. एकाच नेमावर झाडलेल्या तीन गोळ्या एकमेकींजवळ, पण नेमापासून दूर पडत असतील, तर रायफल बरी आहे आणि फक्त दुर्बीण पुन्हा जुळवायची आहे. गोळ्या इकडेतिकडे विखरत असतील, तर काहीतरी ढिले, घाण किंवा झिजलेले आहे. अशा वेळी दुर्बिणीचे खटके (नेम सरकवणाऱ्या घुंड्यांचे टप्पे) फिरवत बसणे म्हणजे काडतुसे वाया घालवणे.

विदर्भाच्या खेड्यांत हा प्रश्न मुख्यतः पीकसंरक्षणासाठी शस्त्रपरवाना घेतलेल्या शेतकऱ्यांपुढे येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये आरंभी परवान्यावर शिकारीची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपली. रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) उभ्या पिकाची नासाडी करत असले, तरी कलम ११ खाली लेखी परवानगी मिळाल्यावरच गोळी झाडता येते. शस्त्रपरवाना त्यासाठी पुरेसा नाही. परवानगी हाती असली तरी हललेल्या नेमाची रायफल शेतात नेणे धोक्याचेच. पोटात किंवा मांडीत गोळी लागलेले डुक्कर तुरीत शिरून बसते, आणि सकाळी शेजारच्या वावरात कापूस वेचायला आलेल्या बायांच्या अंगावर येऊ शकते. त्या जनावराचे हाल होतात ते वेगळेच.

या भागात ०.३१५ बोअरची, बोल्टची (दांडा हाताने मागे-पुढे ओढून काडतूस भरायची) रायफल परिचित आहे. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात बनणारी ही रायफल लोखंडी साईटसह येते. दुर्बीण बहुधा नंतर कारागिराकडून बसवून घेतात. म्हणून पहिला संशय दुर्बीण जिच्यावर बसते त्या बैठकीवर घ्यावा. दुर्बिणीच्या दोन कड्यांमध्ये १० सेंटीमीटर अंतर असेल आणि एक कडे दुसऱ्याच्या तुलनेत फक्त ०.१ मिलिमीटर सरकले, तर १०० मीटरवर गोळी १० सेंटीमीटर बाजूला जाते. केसाएवढी ही फट डोळ्याला दिसतही नाही. खडबडीत पांदणीने मोटारसायकलवरून रायफल नेली की बैठकीचे बारीक स्क्रू हादऱ्याने सैल होतात.

तपासणीपूर्वी मॅगझिन काढून, बोल्ट उघडून, नळीच्या मागच्या घरात काडतूस नाही हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहावे. मग आधी बैठकीचे, नंतर कड्यांचे आणि शेवटी लाकडी कुंदा व रायफल जोडणारे स्क्रू तपासावेत. सैल निघालेला स्क्रू काढून त्यावरचे आणि भोकातले तेल पुसावे, मगच कसावा. कडी जोर लावून आवळू नयेत, दुर्बिणीची नळी दबते आणि आतली भिंगे नीट चालत नाहीत. कसून झाल्यावर स्क्रूचे डोके आणि कडे या दोन्हींवरून नखपॉलिशची एक बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला हे लगेच समजते. इतका स्वस्त आणि इतका भरवशाचा उपाय दुसरा नाही.

लाकडी कुंदा हे विदर्भाच्या हवेत दुसरे मोठे कारण आहे. पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगते, मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत सुकते. नळी कुंद्यापासून मोकळी ठेवलेली असेल, तर मधून कागदाची पट्टी सरकवून पाहावी. जिथे अडकेल तिथे लाकूड नळीला दाबते आहे. काही रायफलींत हा दाब मुद्दामच ठेवलेला असतो, म्हणून कारागिराला विचारल्याशिवाय लाकूड घासू नये. मचाणावर बसून नळीच बांबूवर टेकवली, तरीही गोळी नेमापासून हटते. टेका कुंद्याच्या पुढच्या भागाखाली, आणि तोही गोणपाटासारख्या मऊ वस्तूचा हवा.

नळीत साचलेले तांबे व दारूची काजळी, तसेच नळीच्या तोंडाला पडलेली खाच यांनीही गोळ्या विखरतात. पुलथ्रूची (नळी आतून पुसायची) दोरी तोंडावर एकाच बाजूला घासत ओढली, तर पुढे तिथेच झीज होते. काडतुसे एकाच खेपेची वापरावीत. गेल्या साली घेतलेली आणि कालची मिसळली, तर काय तपासतो आहोत हेच कळत नाही.

दुर्बीण स्वतःच बिघडली आहे का, हे पाहण्यासाठी खटके वर, उजवीकडे, खाली, डावीकडे सारख्या संख्येने फिरवून प्रत्येक टप्प्यावर एक गोळी झाडतात. चौथा टप्पा संपला की नेम मूळ जागी यायला हवा. पाव मिनिटाच्या (हे मिनिट वेळेचे नव्हे, कोनाचे: अंशाचा साठावा भाग) खटक्यामागे १०० मीटरवर गोळी सुमारे ७ मिलिमीटर सरकते. म्हणजे गोळ्या ७ सेंटीमीटर डावीकडे पडत असतील, तर १० खटके उजवीकडे. २५ मीटरवर तेवढेच अंतर भरून काढायला चौपट खटके लागतात, हे बरेच जण विसरतात.

रायफल निर्दोष असून गोळी भरकटण्याचे एक कारण शेतातच सापडते. दुर्बीण नळीपेक्षा चारेक सेंटीमीटर उंच असते. धुऱ्याआड (बांधाआड) पडून पाहताना दुर्बिणीतून समोर सगळे मोकळे दिसते, पण नळीच्या तोंडापुढे तुरीची काडी किंवा मातीचा उंचवटा असतो. गोळी त्याला लागूनच वळते.

माणसाचा दोष तपासण्याची रीत सोपी आहे. साथीदाराने न सांगता मधूनच निकामी, ड्रिलचे काडतूस भरावे. चाप ओढताच नळी खाली झुकली, तर धक्क्याच्या भीतीने हात दचकतो आहे.

हे सारे परवानाधारक गोळीबार मैदानावरच करावे. वावरात नेम जुळवायला शस्त्रपरवाना मुभा देत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हा तीन गोळ्यांचा ग्रुप पाहावा. नळी तापू देऊ नये. सर्वात शेवटी, दुसऱ्या दिवशी थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी कुठे लागते ते नोंदवावे, कारण शेतात प्रत्यक्ष उपयोगी पडते ती हीच.