न्यूरोफायब्रोमॅटोसिस : मेंदू व मज्जारज्जूतील विकृती

न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक विकारात मज्जातंतूंच्या आवरणापासून गाठी उद्भवतात. फ्रीडरिख फॉन रेकलिंगहाउझेन यांनी १८८२ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. डब्लिनचे रॉबर्ट स्मिथ यांनी मात्र १८४९ मध्येच अशा रुग्णांची नोंद केली होती. पहिल्या प्रकाराचे जनुक १७व्या, तर दुसऱ्याचे २२व्या गुणसूत्रावर असल्याने हे दोन स्वतंत्र विकार ठरतात. दुसऱ्या प्रकाराची गणना २०२२ पासून श्वानोमॅटोसिसमध्ये, म्हणजे मज्जातंतूंचे आवरण बनवणाऱ्या श्वान पेशींच्या गाठींच्या विकारगटात, होते.

पहिल्या प्रकारच्या बहुसंख्य मुलांत मेंदूच्या एमआरआयच्या टी-२ (पाण्याचा अंश जास्त असलेला भाग उजळ दाखवणाऱ्या) प्रतिमांत बेसल गँग्लिया व थॅलॅमस ही मेंदूच्या खोल भागातील केंद्रे, लहान मेंदू व मस्तिष्कस्तंभ येथे तेजस्वी ठिपके दिसतात. त्यांचा भोवतालच्या भागावर दाब पडत नाही, सहसा ते गॅडोलिनियम हे प्रतिमा ठळक करणारे द्रव्य टोचल्यावर उजळत नाहीत आणि वय वाढेल तसे पुसट होतात. त्यांचे स्वरूप दीर्घकाळ वादग्रस्त राहिले. एकेकाळी त्यांना ‘अनोळखी चकाकत्या वस्तू’ असे, उडत्या तबकड्यांची आठवण व्हावी असे नाव होते. प्रारंभी ते हॅमार्टोमा, म्हणजे जागच्या जागी झालेली सदोष ऊतिवाढ, असावेत असे मानले जाई. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शवविच्छेदनाधारित अभ्यासात तेथील चेतातंतूंभोवतीच्या मायेलिन या मेदयुक्त आवरणात पोकळ्या आढळल्या. तेव्हापासून हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य समजले जाते, जरी तपासलेले मेंदू तीनच होते. या मुलांच्या शिकण्यातील अडचणींशी ठिपक्यांचा संबंध आहे की नाही, याविषयी निष्कर्ष जुळत नाहीत. ठिपक्यांच्या संख्येपेक्षा त्यांचे स्थान, विशेषतः थॅलॅमसमधील, महत्त्वाचे असावे हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

सुमारे १५ टक्के मुलांत दृष्टिमार्गावर ग्लायोमा, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींची गाठ, होतो, बहुधा सहा-सात वर्षांच्या आत. पुष्कळदा तो वाढत नाही व उपचारही लागत नाहीत. तरीही लहान वयात दरवर्षी नेत्रतपासणी आवश्यक मानतात. मेंदूतील जलमार्ग अरुंद होऊन जलशीर्ष (मेंदूत द्रव साचणे) होणे आणि मोयामोया हा रक्तवाहिन्यांचा विकार त्यामानाने विरळा.

मणक्यांमधील छिद्रांतून बाहेर येणाऱ्या डंबेलच्या आकाराच्या गाठी मज्जारज्जूवर दाब आणू शकतात. पाठीचा कणा वाकडा होणे, तसेच मज्जारज्जूभोवतीचे ड्युरा आवरण फुगून मणक्यांच्या मागील कडा झिजणे, हेही आढळते.

दुसऱ्या प्रकारात दोन्ही बाजूंच्या आठव्या कर्परतंत्रिकेवर, म्हणजे ऐकण्याच्या व तोल सांभाळण्याच्या मज्जातंतूवर, श्वानोमा (श्वान पेशींच्या गाठी) होतात आणि बहिरेपण येते. जोडीला मेनिंजिओमा, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूच्या आवरणांच्या गाठीही असू शकतात. मज्जारज्जूतील एपेंडिमोमा (आतल्या पोकळीच्या अस्तरातील पेशींच्या गाठी) बहुधा मानेच्या भागात, अनेक व मंद वाढीचे असल्यामुळे लक्षणे नसल्यास शस्त्रक्रियेऐवजी ठरावीक काळाने एमआरआय करून त्यांच्यावर लक्ष ठेवतात.