इतिहासाच्या तासाला कात्रणे, मुलाखती आणि वादविवाद आले कुठून?

इतिहासाच्या तासाला मुलांचे गट करा, जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणे वाटा, आजी-आजोबांना बोलते करा, अशा सूचना आता शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात मिळतात. मुले कंटाळू नयेत म्हणून केलेली ही सोय आहे, असा अनेकांचा समज असतो. या कृतींचा जन्म मात्र वेगळ्याच भीतीतून झाला. आपला विषय शाळेतून हद्दपार होतो की काय, ही ती भीती.

१९६८ साली इंग्लंडमध्ये मेरी प्राइस या अभ्यासक बाईंनी इतिहास हा विषय धोक्यात आल्याचा इशारा देणारा लेख लिहिला. राजेरजवाड्यांच्या सनावळ्या पाठ करणाऱ्या मुलांना हा विषय निरुपयोगी वाटत होता. तो ‘सामाजिक अभ्यासा’च्या पोटात विरघळून जाईल, अशी चिन्हे होती. मूळ दस्तऐवज मुलांच्या हाती द्यावेत, असे ऑक्सफर्डच्या कीटिंज यांनी १९१० मध्येच सांगून ठेवले होते, पण ते कोणी फारसे मनावर घेतले नव्हते. धोका दारात आल्यावर हालचाल सुरू झाली.

१९७२ मध्ये डेव्हिड सिल्व्हेस्टर यांच्या नेतृत्वाखाली लीड्स येथे १३ ते १६ वयोगटासाठी इतिहासाचा नवा प्रकल्प उभा राहिला. त्याची सुरुवातच गमतीशीर होती. मुलांपुढे ठेवला डेन्मार्कच्या दलदलीत १९५० साली सापडलेला, हजारो वर्षांपूर्वीचा, गळ्यात दोरीचा फास असलेला मृतदेह. हा माणूस कोण, मेला कसा, आणि तुम्ही म्हणता ते कशावरून? या ‘कशावरून’वर मुलांचा हात बसला की मग गाडी विसाव्या शतकाकडे वळे. त्यासाठी निवडलेले विषय पाहिले की त्या लोकांच्या धाडसाची कल्पना येते: अरब-इस्रायल संघर्ष, आयर्लंडचा प्रश्न, साम्यवादी चीनचा उदय, युरोपचे एकीकरण. उत्तर आयर्लंडमध्ये बॉम्ब फुटत असतानाच वर्गात आयर्लंडवर चर्चा करायची! आजच्या बातमीपासून निघायचे आणि मागे मागे जात तिचे मूळ शोधायचे, अशी ही पद्धत.

पुढच्याच वर्षी पश्चिम जर्मनीत राष्ट्राध्यक्ष गुस्ताव हाइनेमान आणि उद्योगपती कुर्ट क्योर्बर यांनी शालेय मुलांसाठी इतिहास-संशोधनाची स्पर्धा सुरू केली. १९८० च्या सुमारास स्पर्धेचा विषय होता नाझी राजवटीतले दैनंदिन जीवन. बव्हेरियातल्या पासाऊ गावची आना रोस्मुस ही मुलगी त्यात उतरली. आपल्या गावाने हिटलरला विरोधच केला असणार, असे तिला वाटत होते. ती कागद मागू लागली तसे गावचे चेहरे बदलले. अभिलेखागाराची दारे बंद झाली, धमक्या आल्या, शेवटी तिला कोर्टात जावे लागले. कालपर्यंत विरोधाचे नायक म्हणून मिरवणाऱ्या काही प्रतिष्ठितांची नाझींशी असलेली जवळीक या शोधातून बाहेर आली. तिच्या या झुंजीवर पुढे १९९० मध्ये चित्रपटही निघाला. शालेय प्रकल्पाने अख्ख्या गावाची झोप उडवावी हे विसाव्या शतकाच्या बाबतीतच शक्य होते, कारण पुरावा देणारे आणि पुरावा लपवणारे, दोघेही अजून हयात होते.

कृतीची दुसरी, धोक्याची बाजूही याच काळात दिसली. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो येथील रॉन जोन्स या शिक्षकाने, सामान्य जर्मन माणसे नाझींमागे कशी गेली हे दाखवण्यासाठी, वर्गात शिस्त, घोषणा आणि सलाम असलेली एक चळवळच सुरू केली. आठवडाभरात दुसऱ्या वर्गांतली मुले त्यात शिरली, एकमेकांच्या चहाड्या करू लागली, आणि प्रयोग घाईने गुंडाळावा लागला. नरसंहारासारख्या घटनांची नक्कल मुलांकडून करवून घेऊ नये, असे वॉशिंग्टनचे होलोकॉस्ट स्मारक संग्रहालय आज शिक्षकांना बजावून सांगते. माझेही मत तेच आहे. फाळणीचे नाटुकले बसवण्यापेक्षा फाळणीतून आलेल्या माणसाचे एक पत्र नीट वाचून घ्यावे.

आपल्याकडचा धागा मध्य प्रदेशातून येतो. योगायोग असा की होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांमध्ये ‘करून शिका’ पद्धतीचे विज्ञान सुरू झाले तेही १९७२ मध्येच. त्यातून १९८२ साली उभ्या राहिलेल्या ‘एकलव्य’ संस्थेने १९८६ पासून नऊ सरकारी शाळांमध्ये सामाजिक शास्त्रांची नवी पुस्तके आणली. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती, त्यामुळे पाठांतराचा प्रश्नच उरला नाही. २००२ मध्ये सरकारने हे काम थांबवले.

मात्र २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर आलेल्या एनसीईआरटीच्या इतिहासाच्या पुस्तकांत हाच सूर दिसला. बारावीच्या पुस्तकातले फाळणीचे प्रकरण एका भारतीय संशोधकाने पाकिस्तानातल्या माणसांकडून ऐकलेल्या आठवणींनी उघडत असे. त्यातला लाहोरच्या विद्यापीठातला एक ग्रंथपाल या परक्या संशोधकाला मनापासून मदत करतो, कारण त्याच्या वडिलांचा जीव एका हिंदू बाईने वाचवला होता आणि ते कर्ज त्याला फेडायचे होते. अशा आठवणींवर किती विसंबावे, याचीही चर्चा त्याच प्रकरणात होती. २०२२ च्या काटछाटीत ते प्रकरण गेले.

महाराष्ट्रात २०१७ च्या नववीच्या पुस्तकाने १९६० नंतरचा भारत वर्गात आणला, आणि पहिलाच पाठ दिला इतिहासाच्या साधनांवर. वर्षभराने आलेल्या दहावीच्या पुस्तकात इतिहासलेखन, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन असे विषय आले. गावोगावच्या शिक्षकांना तर सामग्री शोधायचीही गरज नाही. बहात्तरच्या दुष्काळाचेच घ्या: दुष्काळी कामांवर खडी फोडायला कोण गेले, परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची भाकरी कशी लागायची, सुकडी हा मदतीचा कोरडा खाऊ कुठे वाटत, हे सांगणारी माणसे अजून गावात आहेत. त्यांचे बोलणे टिपायचे, त्या महिन्यांची वर्तमानपत्रे वाचनालयातून काढायची आणि दोन्ही शेजारी ठेवून विचारायचे, की जुळत नाही ते का जुळत नाही. याच दुष्काळातून पुढे रोजगार हमीचा कायदा आला, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही.

तरी प्रत्यक्षात बहुतेक प्रकल्पवह्या दुकानातून आणलेल्या छापील चित्रांनी भरतात. शिक्षकांना दोष देऊन काय उपयोग? लीड्सच्या प्रकल्पाने स्वतःची परीक्षा आणली होती, आणि १९८८ पासून इंग्लंडच्या सोळाव्या वर्षीच्या सार्वत्रिक परीक्षेतच साधने तपासण्याचे प्रश्न आले, म्हणून तिथे ही पद्धत रुजली. आपल्या दहावीच्या पेपरातही उताऱ्यावर प्रश्न असतात, पण तो उतारा बहुधा पाठ्यपुस्तकातलाच असतो आणि मुलांना तो आधीच पाठ असतो.